सीलबंद पिशवीतल्या वायरी

मा दोंगचुलच्या दुकानात ताईला मीच घेऊन गेलो होतो. मा शाळेत माझ्यापुढे दोन वर्षं. योंगसानच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात त्याचं संगणकाचं दुकान वीस वर्षांचं, आणि ओळखीचा माणूस फसवणार नाही एवढाच विचार मी केला.

माझी ताई, प्यो ओक्सिम, चांगसिन-दोंग या शिलाईवाल्यांच्या वस्तीतल्या चढावर एका खोलीत कपड्यांचे पॅटर्न काढते. डिझायनर चित्र आणून देतात. ताई त्यावरून बाही, गळा, पाठ, अस्तर असे तुकडे संगणकावर मापात आखते, शेजारचं मशीन ते लांबरुंद कागदावर छापतं, आणि मोटरसायकलवाले त्या गुंडाळ्या घेऊन शिलाईच्या खोल्यांकडे पळतात. वय एकसष्ट. लग्न केलं नाही. मला शिकवलं तिनेच.

मार्चमधल्या एका सकाळी कोटाची पाठ छापता छापता संगणक जळका वास सोडून बंद पडला. पॉवर सप्लाय गेला होता. नऊ वर्षं चाललेला, चांगल्या कंपनीचा. मी म्हटलं, एवढंच ना, नवा बसवू. आम्ही दोघांनी कॅबिनेट ढकलगाडीवर बांधून उतारावरून खाली आणलं आणि टॅक्सीने मा कडे गेलो.

मा ने गल्ल्यावर एक खोकं ठेवलं. त्यावर सातशे वॅटचा आकडा तळहाताएवढा छापलेला. ताईने विचारलं की हा टिकेल का. तो म्हणाला, "ताई, आकडा बघा ना, आकडा. जुन्यापेक्षा दोनशे जास्त आहे." मी मान डोलावली. त्याने अर्ध्या तासात बसवून दिला आणि चालू केला. पंखा फिरला, पडदा उजळला, पण दोन्ही हार्ड डिस्क दिसेनात. मा ने चेहरा पाडला. म्हणाला, जुना सप्लाय मरताना त्यांना घेऊन गेला, असं होतं कधीकधी, माझा इलाज नाही. मग खोक्यात एक सीलबंद पिशवी टाकून खोकं ताईच्या हातात दिलं. "जादाच्या वायरी आहेत, ठेवा."

एका डिस्कमध्ये पहिल्या पाच वर्षांचे पॅटर्न होते, दुसरीत नंतरच्या चार वर्षांचे. त्यांची एक प्रत बाहेर काढून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. दोन वर्षं मी ते उद्यावर ढकलत होतो. ताईला ते ठाऊक होतं. टॅक्सीत ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

डिस्क घेऊन आम्ही हॉन नावाच्या माणसाकडे गेलो. मेलेल्या डिस्कमधून माहिती काढणं हाच त्याचा धंदा. त्याने दोन्हींच्या हिरव्या सर्किट-पट्ट्या भिंगाखाली धरल्या आणि विचारलं, यांना शेवटची वायर कोणी लावली? मग पूर्ण संगणक आणा म्हणाला. आणल्यावर त्याने कॅबिनेट उघडलं, डिस्ककडे जाणारी वायर सप्लायमधून उपसून काढली आणि तिच्या टोकावरचं नाव आम्हाला दाखवलं. जुन्या कंपनीचं.

त्याने सांगितलं ते असं. मदरबोर्डच्या वायरी नव्या सप्लायलाच कायमच्या जोडलेल्या होत्या, म्हणून मदरबोर्ड वाचला. डिस्कच्या वायरी मात्र सुट्या. दुकानदाराने जुन्या काढायचा कंटाळा केला आणि त्यांचंच टोक नव्या सप्लायमध्ये खोचलं. टोक बसतं. पण आत कुठल्या पिनेतून किती वीज येते ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. जिथे पाच व्होल्ट जायचे तिथे बारा गेले. चालू करताक्षणी दोन्ही जळल्या.

"म्हणजे जुन्या सप्लायने नाही?" ताईने विचारलं.

"जुना गुपचूप मेला, बाई. मारलं त्या वायरीने."

ताईने खोकं उघडून ती पिशवी वर काढली. सील तसंच होतं; नव्या सप्लायच्या खऱ्या वायरी आतच पडून होत्या. तिने ती गल्ल्यावर ठेवली आणि पाहत राहिली. तिचे कान लाल झाले होते. लहानपणी माझी पाटी कोणी फोडली की ती अशीच लाल व्हायची आणि मग त्या घरी जाऊन उभी राहायची.

त्याच दुपारी ती मा च्या दुकानात उभी राहिली. हॉनने सांगितलेलं तिने शब्दाला शब्द सांगितलं. मा आधी हसला. टोक बसलं म्हणजे चालतं, वीस वर्षं हेच करतोय, म्हणाला.

ताई म्हणाली, "बाही आणि पँटचा पाय, दोन्ही नळीच असतात. हात पँटमध्येही जातो. म्हणून मी कोटाला पँटचा पाय शिवत नाही."

गिऱ्हाइकं हसली. मा चं हसू गेलं. तुमच्या डिस्क म्हाताऱ्या होत्या, तुमच्यासारख्या, असं काहीतरी तो पुटपुटला. तिने पैसे मागितले नाहीत. ती एवढंच म्हणाली की 'वायर मी चुकीची लावली' असं तोंडाने म्हण. त्याने ते म्हटलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. शाळेचं नातं आडवं आलं, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई पॅटर्नच्या जाड कागदाचा फलक गळ्यात अडकवून दुकानासमोर उभी होती. सरळ, सुरेख अक्षरात लिहिलं होतं: नव्या पॉवर सप्लायला जुन्या वायरी लावू देऊ नका. माझ्या दोन डिस्क इथे जळल्या. बाजाराचे रखवालदार आले. एकट्या माणसाने उभं राहायला परवानगी लागत नाही, हे तिने त्यांना शांतपणे सांगितलं. दोघं उभे राहिले तर मात्र ती सभा होते. म्हणून मला वीस पावलांवर, केबल विकणाऱ्याच्या दुकानाच्या खांबाआड, जवाच्या चहाचा थर्मास धरून उभं राहावं लागलं. लाजेने मेल्यासारखं झालं होतं.

मा ने मला आत बोलावलं. खुर्ची दिली, कॉफी दिली. "जेग्यु, ताईला समजाव. आपल्या कायद्यात खरं असलं तरी बदनामीचा खटला होतो, माहीत आहे ना? आणि बाईमाणूस आहे, वय झालंय, डोकं फिरलंय. तू घरातला पुरुष आहेस."

त्या वाक्यावर माझ्या आत काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. ज्या बाईने शिलाईखोल्यांत पाठ मोडून माझी फी भरली, तिला हा माझ्यासमोर वेडी ठरवत होता, आणि मी त्याची कॉफी पीत होतो. मी पेला ठेवला. "लाव खटला," मी म्हटलं. "साक्षीला मी येतो. वायर बसवताना मी इथेच होतो आणि तू पिशवी फोडली नाहीस हे मी पाहिलंय." बाहेर येऊन मी ताईला खाली बसवून गिमबापच्या भातगुंडाळ्या खायला लावल्या, आणि तेवढा वेळ फलक माझ्या गळ्यात घातला.

नवा सप्लाय तर घ्यायचाच होता. मा चा तिला संगणकात नको होता. उभं राहून झालं की संध्याकाळी ती बाजार पिंजून काढायची. हॉनकडून तिने प्रश्न लिहून घेतले होते आणि प्रत्येक दुकानात तेच विचारायची. खोक्यावरचा आकडा दिवसभर टिकणारा आहे की क्षणभराचा? बारा व्होल्टवर खरे किती अँपिअर मिळतात? आत काही जळालं तर हा स्वतःहून बंद पडतो का? किती वर्षांची हमी, आणि बिघडला तर दुरुस्ती कोण करणार, तुम्ही की कंपनी? मा च्या खोक्याचं बारीक अक्षर तिने भिंगाने वाचलं होतं. सातशे म्हणजे क्षणभराचे, टिकणारे चारशे ऐंशी.

सहा दुकानांत पटापट उत्तरं मिळाली. एका पोराने तर आठशेचा घ्या, मोठा तेवढा चांगला, असं ठोकून दिलं. सातव्या दुकानात योमबाई नावाची, ताईच्याच वयाची बाई होती. तिसऱ्या प्रश्नाला ती म्हणाली, "मला माहीत नाही. थांबा, कागदात बघते." तिने खोकं फोडलं, आतलं पत्रक काढलं, चष्मा लावला आणि एकेक ओळ बोटाने वाचली. मग म्हणाली, तुमच्या कामाला साडेपाचशे पुष्कळ झाले, यापेक्षा मोठा तुम्हाला मी विकणार नाही. सात वर्षांची हमी, दुरुस्ती कंपनीची. आणि जुनी एकही वायर ठेवू नका.

ताईने तिथेच तो घेतला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मा बाहेर आला. सकाळपासून त्याच्या दुकानात कोणी फिरकलं नव्हतं. तो ताईसमोर उभा राहिला, पण नजर फलकावर.

"लावली मी," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं, की कंटाळा केलास?"

मा ने शेजारी पाहिलं. शेजारचा केबलवाला काम थांबवून बघत होता.

"कंटाळा केला, ताई."

"आणि मग माझ्या तोंडावर खोटं बोललास."

"बोललो."

तिने फलक काढला, घडी घातली आणि निघाली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मा च्या खिशातून नोटांचं जाडजूड पाकीट बाहेर आलं होतं, ते तिने पाहिलंही नाही. ते घ्यावं असं मला वाटलं, पण बोलायची हिंमत झाली नाही.

हॉनला जुनी डिस्क जिवंत करता आली. तिच्या पट्टीवरचा एक बारीक भाग जळून बाकीच्याला वाचवून गेला होता. दुसरी गेली. चार वर्षांचं काम, त्यातच तिने स्वतः रचलेला, खांद्याला शिवण नसलेला बिनखांद्याचा कोट, सगळं गेलं.

नवा सप्लाय ताईने स्वतः बसवला. मी फक्त टॉर्च धरला. तिने त्याच्याच खोक्यातल्या पिशवीचं सील दाताने तोडलं, वायरी एकेक करून जोडल्या, प्रत्येक टोकावरचं नाव मोठ्याने वाचलं. मग जुन्या वायरी टेबलावर एका रांगेत मांडल्या आणि मोडीत काढलेल्या कात्रीने तुकडे तुकडे केले. तांबं कापताना कात्री करकरत होती. शेवटचा तुकडा पडल्यावर ती माझ्याकडे वळली.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन वर्षं मी तुला म्हणत होते, प्रत काढ."

मी मान खाली घातली.

"मा ने निदान तोंडाने कबूल केलं. तू?"

"मी टाळलं, ताई. काही कारण नव्हतं. नुसतं टाळलं."

तिने कात्री बाजूला ठेवली. भिंतीवरचा कोरा कागद ओढून टेबलावर पसरला, पट्टी घेतली आणि बिनखांद्याच्या कोटाची पाठ आठवून आखायला बसली. मी तिथेच उभा होतो. बऱ्याच वेळाने तिने मान वर न करता दुसरी पट्टी माझ्याकडे सरकवली आणि अस्तराची मापं सांगायला लागली. आवाजात राग तसाच होता. मी लिहून घेऊ लागलो.