कातळावरचा कौल

चाक वर जायला पाहिजे असं सगळ्यांना वाटतं. चाक खाली जायला पाहिजे.

शिवा हे पडल्या पडल्या सांगत होता आणि छत्र्या दुरुस्त करणारा आत्माराम खाटेशेजारी मांडी घालून ऐकत होता. दोघांच्या मध्ये, पडवीच्या जमिनीवर, उलटी करून ठेवलेली गाडी. मस्कतहून आलेली, रेडिओवर चालणारी, दोन वीत लांब. चारही चाकं ओढणारी, आणि चाकं एवढी मोठी की गाडी बेढब दिसावी.

"दगड आला की चाक उचलतं. ते कुठलीपण गाडी करते," शिवा म्हणाला. "पण एक उचललं की दुसरं खळग्यात उतरलं पाहिजे. हिचं बघ. बोटभर उतरतं आणि मग लोंबतं हवेत. सगळं वजन एका अंगाला. मग पलटी."

"तुझ्यासारखी."

शिवा हसला. त्याची बायको विमला चुलीपुढे होती, तिने ते हसणं ऐकलं. तव्यावरची भाकरी उलटायची राहिली.

*

ओमानात कोरड्या नदीला वादी म्हणतात. शिवा तिथे खडीचा ट्रक चालवायचा. वादीच्या कडेचा रस्ता खचला, ट्रक लोळला, कंबर मोडली. कंबरेखाली आता काही नाही. दुखणं नाही, खाज नाही, थंडीसुद्धा नाही. सत्त्याऐंशीच्या नवरात्रात त्याला घरी आणला, सोबत एक बॅग. बॅगेत कपडे आणि ही गाडी. कुणासाठी घेतली होती ते विमलाने विचारलं नाही. त्यांना अजून मूल नव्हतं.

*

घर मिरजोळ्याच्या पुढे, सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळी माळाच्या, पायथ्याला. समोर बंद पडलेली चिरेखाण. चिरे काढून काढून कातळाच्या पायऱ्या झालेल्या, कुठे वीतभर, कुठे चार बोटं, कडा पावसाने खाल्लेल्या, मध्ये खळगे. शेवटच्या पायरीवर आभाळ.

खाटेवरून हे एवढंच दिसायचं.

*

शिवाचा आतेभाऊ मुंबईला इस्पितळात वॉर्डबॉय. त्याचा निरोप आला: संक्रांतीनंतर खाट मिळेल. ऑपरेशन, मग व्यायाम. चालणार नाही, पण बसेल. चाकाच्या खुर्चीतून आपला आपण फिरेल.

आणि मुंबईला नाही गेला तर? ते रत्नागिरीच्या डॉक्टरांनी विमलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं. पडून राहिलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होतात. त्या भरत नाहीत.

"बसून काय करू?" शिवा म्हणायचा. एवढंच म्हणायचा.

*

"गुरवाला सांगून आलेय," त्याची आई गोदा म्हणाली. "कौल लावतो बोलला."

"कशाचा कौल, आये?"

"मुंबईला न्यायचा का नाय त्याचा. देवाला इचारल्याबिगर कसा नेऊ तुला?"

"देवाने कधी ट्रक चालवलाय?"

"शिवा."

"माझा कौल मी लावतो. ही गाडी खाणीतून वर सड्यावर गेली, कुणाचा हात न लागता, तर उजवा. मुंबईला येतो, कुठे कापायचं तिथे कापा. पडली तर डावा."

"खेळण्यावर कौल लावतंस?"

"गुरव कशावर लावतो? पाकळ्यांवर. ओल्या दगडाला चिकटवायच्या आणि बघत बसायचं, उजवीकडची पडते का डावीकडची. गाडी त्यापेक्षा जड हाय."

गोदाने तांदळातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, "कौल म्हणतोस ना? मग कौलासारखा लाव. सकाळी, आंघोळ करून, उपाशीपोटी. आणि एकदाच. डावा आला तर परत लावायचा नाय."

"एकदाच."

विमलाला हे पटलं. पाकळीचं काही करता येत नाही. गाडी दुरुस्त करता येते.

*

काड्या.

आत्माराम रत्नागिरीत एसटी स्टँडजवळ बसायचा. दिवाळीनंतर छत्रीवाल्याला कोण विचारतो, म्हणून दुपारच्या एसटीने यायचा, सुताच्या पिशवीत मोडक्या छत्र्या घेऊन. गाडीचे चाकं धरणारे हात आखूड होते. ते काढले. छत्रीच्या तीन तीन काड्या तारेने एकत्र बांधून लांब हात केले. हात जेवढा लांब तेवढं चाक खाली जाणार.

दांडा.

चाक फार उतरलं की मोटरचा जोर चाकापर्यंत नेणारा दांडा निसटून यायचा. घडीच्या छत्रीचा दांडा एकात एक सरकतो. खाचेचा शोधला, म्हणजे सरकेलही आणि फिरेलही.

स्प्रिंगा बॉलपेनच्या. मऊ.

शिसं.

गाडी उंच झाली, म्हणून कलंडायला लागली. "वजन खाली ने," शिवा म्हणाला. "आणखी खाली. चाकातच घाल." मिऱ्या बंदरावरच्या कोळ्यांकडून जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणल्या आणि टायरात भरल्या.

मग चाकं उड्या मारायला लागली. मऊ स्प्रिंग दगडावरून सुटली की गाडीलाच फेकून देते. धक्का गिळणारं काहीतरी पाहिजे होतं. कंपाउंडर शिवाला इंजेक्शन देऊन गेला होता, प्लास्टिकची रिकामी सिरिंज विमला टाकायला निघाली होती. उंबऱ्यात थांबली. दट्ट्या ओढला, दाबला, परत ओढला. ती येऊन आत्मारामच्या पुढ्यात सिरिंज ठेवून उभी राहिली.

"आत तेल भरलं तर?"

आत्मारामने शिवाकडे बघितलं. "वयनी, तुम्ही स्टँडावर बसा. भाकऱ्या मी भाजतो."

"कराल कोळसा, भावजी."

चार सिरिंजा जमल्या, चार चाकांना चार. शिलाईमशीनचं तेल पातळ पडलं. "जाड पाहिजे," शिवा म्हणाला. "खोबरेल घाल." विमलाने डोक्याला लावायची बाटली दिली.

*

दुपारी. खालच्या पायऱ्या. गाडी चालवायचा डबा खाटेवर शिवाच्या हातात.

गाडी चढली ती गाडीसारखी नाही. अंधारात पाय चाचपत टाकणाऱ्या म्हाताऱ्यासारखी. एक चाक दगडावर, एक खळग्यात, एक कडेवर, चौथं अजून शोधतंय. मग चौथंही टेकलं. चारही चाकं कातळावर आणि प्रत्येक वेगळ्या उंचीवर.

रोज दुपारी आत्माराम आला की हेच. शिवाने आधी पाठीशी एक उशी मागितली. मग दुसरी. नंतर म्हणाला, भिंतीला टेकवा मला, कडेचं चाक दिसत नाय. रात्रीचा भात संपवायला लागला. विमलाने ट्रंक काढली आणि त्याचे दोन सदरे धुऊन, घडी करून तळाशी ठेवले. गोदाने ते बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांवर एक चादर ठेवली.

वरची पायरी त्याने राखून ठेवली होती. कौलाआधी ती चढायची नाही.

*

संक्रांत झाली आणि थंडी पडली. गावात सगळे खूश. मोहोराला अशीच थंडी लागते.

*

विमलाने शिवाला ओल्या फडक्याने पुसून काढलं. धुतलेला सदरा घातला. कुणी चहासुद्धा घेतला नव्हता. गोदाने पहिल्या पायरीशी नारळ ठेवला. आत्माराम पहिल्या एसटीने आला होता, कानाला मफलर. कातळ दवाने काळा पडलेला. सूर्य सड्याच्या मागे.

पहिली पायरी.
चढली.

दुसरी.
चढली. पण पुढचं डावं चाक दगडावरून सुटलं ते हवेतच थांबलं, आणि मग उशिरा, फार उशिरा, खाली आलं.

"जड चालते," शिवा म्हणाला.

"बॅटरी?" आत्माराम खाणीतून ओरडला.

"भरलेली हाय."

"थांबू या का?" विमला म्हणाली.

"कौल मधीच थांबवत नायत," गोदा म्हणाली.

तिसरी. चौथी. प्रत्येक वेळी चाक उशिरा.

मग खळगा, शेवटच्या पायरीच्या अलीकडचा.
उजवी चाकं वर.
डावी आता खाली जायला पाहिजेत.
डावी खाली
डावी

आत्माराम दोन्ही हात पुढे करून उभा होता. त्याने हात लावला नाही. गाडी डाव्या अंगावर पडली. वरची दोन चाकं फिरत राहिली, कारण शिवाने बोट काढलं नव्हतं.

गोदाने नारळ उचलला आणि घरात नेला.

*

शिवा पुढच्या श्रावणात गेला. पाठीच्या जखमा भरल्या नाहीत.

*

कौलाच्या त्या सकाळी मात्र तो पडवीत होता, भिंतीला टेकलेला, आणि विमलाला कळेना की आता काय करायचं, म्हणून ती केस विंचरायला बसली. बाटली हातावर उपडी केली. काही आलं नाही. परत हलवली.

आत पांढरं, घट्ट.

दर थंडीत खोबरेल गोठतं. दर थंडीत ती बाटली उन्हात ठेवते. लहान होती तेव्हा आईची ठेवायची. ती तशीच, मोकळ्या केसांनी, बाटली घेऊन खाटेशी आली.

"अवो. तेल गोठलं होतं."

शिवाने बाटली हातात घेतली. अंगठ्याने बूच उघडलं, बंद केलं.

"आपण रोज दुपारी चालवायचो," तो म्हणाला.

"परत लावू या. ऊन येऊ दे वर."

"आयेला विचार."

गोदा आत ट्रंकेपुढे बसली होती. चादर बाहेर काढलेली, एक सदरा मांडीवर.

"आये, गाडीत खोट नव्हती. तेल गोठलं."

"गोठवलं कुणी?"

"थंडीने."

"इतक्या दुपारी नाय गोठलं. आजच गोठलं."

"सकाळी तुम्हीच लावायला सांगितलंत."

"कौल सकाळीच लावतात गो." गोदाने सदऱ्याची घडी मोडली, परत घातली. "माझा पोरगा हाय तो. मला काय हौस हाय? पण डाव्या कौलावर नेला आणि तिकडेच राहिला, तर मी कुणाला तोंड दाखवू? तुला?"

विमला परत पडवीत आली.

"तुम्ही तर देव मानत नाय."

"नाय मानत."

"मग?"

शिवा खाणीकडे बघत होता. "दुसऱ्याच पायरीला कळलं होतं मला. चाक उतरत नाय ते. बोट काढलं असतं तर थांबली असती."

"मग काढलं का नाय?"

"नाय काढलं."

ती वाट बघत राहिली. त्याने बाटली तिच्या हातात परत दिली.

*

ऊन खाणीत उतरलं तेव्हा विमलाने त्याच्या उशीजवळचा डबा उचलला, ज्याच्या दोन दांड्यांनी गाडी चालायची. तिने तो कधी हातात घेतला नव्हता. आत्मारामने गाडी उन्हात ठेवली होती. आता उचलून पहिल्या पायरीशी सरळ केली आणि बाजूला झाला. सिरिंजांमधलं तेल परत पाण्यासारखं स्वच्छ दिसत होतं.

तिला वळवणं जमेना. गाडी तिरपी गेली, भिंतीला लागली, मागे आली. परत गेली. पण चाकं उतरत होती. खळगा येई आणि चाक त्यात अलगद पाय सोडल्यासारखं जाई, तळ शोधी, टेके. तिसरी पायरी. चौथी. ज्या खळग्यात सकाळी पडली होती तिथे डावी चाकं खाली, आणखी खाली गेली, उजवी वर, गाडी मधोमध जवळजवळ सपाट. आत्माराम तोंडावर हात धरून उभा होता.

शेवटची पायरी.

गाडी सड्याच्या कडेवर उभी राहिली. मागे नुसतं आभाळ.

गोदा दारात आली होती. तिने वर बघितलं, पदराने कपाळ पुसलं आणि आत वळली. आतून ट्रंक परत कोपऱ्यात ढकलल्याचा आवाज आला.

विमलाने शिवाकडे बघितलं. तो वर बघत होता, डोळे उन्हाने बारीक करून. किती वेळ बघत होता ते तिला कळलं नाही. तिच्या हातातल्या दांड्या अजून पुढेच दाबलेल्या होत्या. सड्यावर गाडी कुठल्याशा दगडाला अडून घरघरत होती.

"बंद कर गो," तो म्हणाला. "बॅटरी उतरेल."