शरणम्माचा डावा पंजा

मित्रांनो, माझ्यावर आजवर कुणी जेवलं नाही, कुणी अभ्यास केला नाही, की कुणी कपड्यांना इस्त्री केली नाही. मी एक जुनं टेबल आहे खरं, पण पंजा लढवायचं. उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, चन्नबसप्पांचं बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं दुकान आहे. दुकानामागे घर, घरामागे परस आणि परसात एक पत्र्याचं शेड. त्या शेडात मी गेली बारा वर्षं उभा आहे.

मला चंद्रप्पा वेल्डरनं घडवलं. शाळेत कवायत शिकवणारे दयानंद सर कागदावर मापं लिहून घेऊन आले होते. उभ्या माणसाच्या पोटाला लागेल एवढी उंची, मोकळ्या हातानं धरायला दोन लोखंडी खुंट्या, कोपरं टेकायला दोन उशा आणि हरलेला हात जिथं पडेल तिथं दोन गाद्या. चंद्रप्पानं जन्मभर खिडक्या आणि गेटं केलेली. तो कागद फिरवून फिरवून बघत राहिला.

"सर, ह्याच्यावर ठिवायचं काय?"

"हात."

"निस्ता हात?"

"हाव, निस्ता हात."

चंद्रप्पा पोट धरधरून हसला. पण काम असं पक्कं केलं, की बारा वर्षांत माझा एक पाय हलला नाही. उशा मात्र रिक्षाची सीटं शिवणाऱ्यानं शिवल्या, म्हणून त्या लालभडक रेक्झिनच्या आहेत. मला त्यांचा फार अभिमान होता.

सुरुवातीची वर्षं माझी मजेत गेली. मोंढ्यातले हमाल दुपारी यायचे. क्विंटलाची पोती पाठीवर वाहणारी ती माणसं, पण एखाद्या काटकुळ्या शिंप्यानं त्यांचा हात गादीवर आदळला की तोंडं बघण्यासारखी व्हायची. दसऱ्याला मला हळदकुंकू लागायचं, झेंडूचा हार पडायचा. चन्नबसप्पांचा मुलगा शिवकुमार तर दुकान सोडून माझ्याचपाशी पडीक असायचा.

एका दुपारी त्याची बायको शरणम्मा त्याला जेवायला बोलवायला आली. माहेरची ती शिरूर अनंतपाळची, बोलायला कमी आणि कामाला वाघ. बारदान्याच्या गठ्ठ्यांना सुतळीचे फास आवळून आवळून तिची मनगटं घट्ट झालेली. नवरा काही केल्या उठेना, तेव्हा ती म्हणाली, "मी पाडलं तर येताव का जेवायला?" सगळे हसले. शिवकुमारनंही हसत हात पुढं केला. त्याचं हसू संपायच्या आत त्याचा हात गादीवर होता. मग दोन हमाल उभे राहिले. तेही गेले. दयानंद सर तोंडात बोट घालून बघत राहिले.

तिथून पुढं लातूरची जिल्हा स्पर्धा, मग नांदेडची राज्याची निवड, आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी शरणम्मा देशाच्या संघातून जागतिक स्पर्धेला परदेशी गेली. चाळिशीपुढच्या बायांचा तो संघ होता. उजव्या हाताच्या लढतीत ती सहावी आली. मोंढ्यात पेढे वाटले गेले. सगळे खूश होते, एकटे दयानंद सर सोडून.

सरांनी खडू घेतला आणि शेडच्या भिंतीवर देशांची नावं लिहिली. प्रत्येक नावापुढं दोन रकाने आखले. या खेळात एक दिवस उजव्या हाताच्या लढती होतात, एक दिवस डाव्या हाताच्या, आणि दोन्हींची बेरीज करून देशाचा नंबर लागतो. कझाकस्तानचे दोन्ही रकाने भरलेले. जॉर्जियाचेही. तुर्कस्तानचा डावा आकडा तर उजव्याहून मोठा. आपल्या नावापुढं उजवीकडं चांगला आकडा, आणि डावीकडं भोपळा. आपला संघ नववा होता.

भोपळा मिळाला तो हरून नव्हे. आपल्या बाया डाव्या हातानं लढायला उभ्याच राहिल्या नव्हत्या. लहानपणी डावा हात ताटाकडं गेला की पाठीत धपाटा बसायचा, तो त्यांच्या अंगात मुरलेला. बाकीचे देश डाव्या हातानं झुंजत होते तेव्हा आमचा संघ चहा पीत होता. भिंतीवरचे आकडे बघून मी स्वतःकडं पाहिलं. माझ्या उशांची उजवी बाजू दबून खोलगट झाली होती आणि डावी बाजू दुकानातून आणल्यासारखी फुगलेली होती. ज्या उशांचा मला एवढा तोरा होता, त्यांची मला लाज वाटली.

मग सर रोज संध्याकाळी माझ्या खुंटीला मोबाईल टेकवून उभा करू लागले, आणि त्या वीतभर काचेतून सारं जग माझ्यावर उतरलं. जॉर्जियाच्या बाया समोरच्याचा हात आपल्या छातीकडं ओढून घ्यायच्या. कझाकस्तानच्या बाया बोटांच्या टोकांपासून चढत चढत आधी मनगट उलगडायच्या आणि मग हात पाडायच्या. स्वीडनची एक पांढऱ्या केसांची आजी होती, ती पहिले काही क्षण नुसती थांबायची, आणि समोरची दमली की हळूच हात झोपवायची. प्रत्येक देशाचा हात वेगळा बोलतो हे मला तेव्हा कळलं. मी लोखंडाचा, तरी माझ्या अंगावर काटा आला.

आता एक सांगितलं पाहिजे. शेडातून मला समोरची पडवी दिसते. शरणम्मा लिंगायत घरातली. रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून ती पडवीत बसायची. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायची आणि तो तळहात छातीसमोर धरायची. वर पाणी, बेलाचं पान, आणि मग नुसतं बघत राहायचं. अर्धा-अर्धा तास तो हात केसभर हलायचा नाही. बारा वर्षं मी ते पाहत होतो. हात पाडणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण असा हात दुसरा पाहिला नाही.

सरांच्याही ते ध्यानात आलं होतं. एके दिवशी त्यांनी भिंतीकडं बोट दाखवलं.

"वैनी, हे बघा. अर्धी लढाई आपन न लढताच हरून राहिलो. तुमच्या डाव्या हातात लई ताकद हाय. तुम्ही उतरलात तर बाकीच्या बी उतरतील."

शरणम्मानं डावा हात पदराखाली घेतला. "सर, उजवा म्हनाल तिथं लावते. ह्यो न्हाई. ह्याच्यावर माझा देव बसतो. कुनाच्या बी हातात कसा देऊ? आन् मोडलाबिडला, तर मी पूजा कशावर करू?"

या खेळात हात मोडतात, मित्रांनो. मी ते आवाज ऐकलेत. म्हणून सरांनी खुंटीचा मोबाईल उचलला आणि ते घरी गेले.

ती शेडात येईनाशी झाली. काही दिवसांनी सरही येईनात. मग माझ्यावर ओलं बारदान वाळत पडू लागलं, त्यावर मिरच्यांची पोती, त्यावर एक मोडका पंखा. मांजरीनं माझ्या एका गादीवर पिल्लं घातली. चार महिने मला कुणी हात लावला नाही. दसऱ्याला हळदकुंकू दुकानातल्या वजनकाट्याला लागलं आणि मी शेडात तसाच राहिलो. मला फार वाईट वाटलं.

एका सकाळी चन्नबसप्पा काठी टेकत परसात आले. वय ब्याऐंशी, नजर अधू, पण घरात काय चाललंय ते त्यांना न सांगता कळायचं. त्यांनी काठीनं माझ्यावरचा पंखा ढोसला आणि सुनेला हाक मारली.

"दयानंद येईना झालाय. काय झालं?"

शरणम्मानं सगळं सांगितलं. देवाचा हात, परक्या माणसाचा हात, मोडण्याची भीती, काही लपवलं नाही. म्हाताऱ्यानं मग एकेक विचारायला सुरुवात केली.

"पूजा झाल्यावर त्याच हातानं बारदाना मोजतीस का न्हाई?"

"मोजते की, मामा."

"मागं मोंढ्यात गाडी पलटली, डायवर खाली आडकला. त्याला कोनत्या हातानं वढलीस?"

"दोन्ही हातानं."

"त्याची जातपात इचारलीस?"

"न्हाई."

"मंग देव रुसला का त्या हातावर बसायला? पोरी, आपल्याला बसवण्णांनी काम शिकवलं, इटाळ न्हाई शिकवला. मोडायचं म्हनशील, तर त्याचा शब्द मी देऊ शकत न्हाई. तो हात तुझा हाय. पन लढलीस तर एक ध्यानात ठिव. समोरच्या बाईच्या हाताला आधी नमस्कार कर. तिच्या हातावर बी कोनीतरी बसलेला आसंल."

शरणम्मा तिथंच उभी होती. डोळे पुसायला तिनं पदर घेतला आणि मग त्याच पदरानं माझ्यावरची धूळ झटकली. मांजरीची पिल्लं मात्र तिनं टोपलीत घालून नीट घरात नेली.

सर परत येऊ लागले, आणि पुढचे सहा महिने माझ्या उशांच्या डाव्या बाजूला उसंत मिळाली नाही. हमाल डाव्या हातानं उभे राहायचे आणि पडायचे. नांदेडच्या निवडीला टेबलं कमी पडली म्हणून मला टेम्पोतून नेलं. आदल्या वर्षी तिथं डाव्या हाताला एकही बाई नव्हती. या वर्षी पाच होत्या. धर्माबादच्या मिरची बाजारातल्या सुमनबाईंचा हात माझ्यावर आला, तेव्हा तिखटाच्या वासानं पंच सात वेळा शिंकले आणि लढत दोनदा थांबवावी लागली. शरणम्मानं प्रत्येकीपुढं मान लववून "शरणु शरणार्थ" असा नमस्कार केला, आणि एकेकीचा हात अलगद खाली ठेवला.

जागतिक स्पर्धेच्या दिवशी दुपारी सारा मोंढा आमच्या शेडात दाटला होता. शरणम्माची मुलगी स्वप्नाली हिनं मोबाईल माझ्या खुंटीला टेकवला. चन्नबसप्पांना दिसत नव्हतं, म्हणून ते माझ्या कडेला हात ठेवून उभे होते. काचेत शरणम्मा दिसली. देशाचा निळा बनियन, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीची डबी. जॉर्जियाची बाई पडली. तुर्कस्तानची पडली. दर वेळी आमचे पत्रे ओरडण्यानं थरारले. अंतिम लढतीला समोर आली कझाकस्तानची बाई. सहा फूट उंच, आणि पंजा एवढा की त्यात शरणम्माचा हात दिसेनासा झाला.

शरणम्मानं मान लववली. ती बाई गोंधळली, मग तिनंही मान लववली. हात दोनदा निसटले. तेव्हा पंचानं पट्टा काढला आणि दोघींचे डावे हात एकमेकींना बांधून टाकले.

"काय करून राहिलेत?" चन्नबसप्पांनी विचारलं.

"दोघींचे हात बांधलेत, आबा," स्वप्नाली म्हणाली.

मग ते सुरू झालं. कझाकस्तानची बाई ओढत होती, सारं अंग टाकून ओढत होती, आणि तो हात हलत नव्हता. एरवी अशा लढती डोळ्याची पापणी लवेस्तोवर संपतात. ही संपेचना. मोबाईलमधला गलका थांबला. शेडातला थांबला. रोज सकाळी पडवीत दिसणारा तोच हात तिथं परमुलखात, हजार माणसांपुढं, तसाच छातीसमोर उभा होता. पलीकडची बाई घामानं निथळली. शरणम्माचे डोळे फक्त त्या बांधलेल्या मुठींवर होते. मिनिट उलटून गेलं. मग शरणम्माचा हात बोटभर ढळला, आणखी बोटभर, आणि गादीवर टेकला.

शरणम्मा हरली. पट्टा सुटल्यावर त्या बाईनं मात्र तिचा तळहात उलटा केला आणि भविष्य बघणाऱ्यासारखी ती त्याच्याकडं बघत राहिली. त्या वर्षी आपल्या संघातल्या सगळ्या बाया डाव्या हातानंही लढल्या. एकवीस देशांत आपण चौथे आलो. सरांनी भिंतीवरचा भोपळा पुसला आणि तिथं नवा आकडा लिहिला.

शरणम्मा परतली ती डावा हात गळ्यात अडकवून. हाड शाबूत होतं, पण स्नायू दुखावले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं झोळी काढली आणि ती पूजेला बसली. लिंग तळहातावर घेतलं, हात छातीसमोर उचलला, आणि तो थरथरू लागला. बेलाचं पान घसरून पडलं. तिनं पुन्हा उचलला, हात पुन्हा खाली आला. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. तिला ज्याची भीती होती तेच झालं होतं.

चन्नबसप्पा भिंत चाचपत आले आणि सुनेसमोर बसले. आपला सुरकुतलेला तळहात त्यांनी तिच्या तळहाताखाली धरला. पान पुन्हा वर ठेवलं गेलं. अर्धा तास तो ब्याऐंशी वर्षांचा हात खाली आणि तो थकलेला हात वर, असे दोघं बसून राहिले. पुढचे एकवीस दिवस त्यांनी हे रोज केलं.

मित्रांनो, मी हात पाडण्यासाठी जन्मलो. बारा वर्षांत हजारो हात पडताना पाहिले, आणि कोणता देश कसा पाडतो तेही पाहिलं. पण हात धरून ठेवायलाही माणूस लागतं, हे मला त्या पडवीत कळलं. माझं रेक्झिन फाटलं तर शिवा, माझ्यावर मिरच्यांची पोती टाकू नका, एवढं तर मी मागेनच. आणखी एक मागतो. तुमच्या घरचं कुणी लढून, दमून परत आलं, तर कितवा नंबर आला ते मागाहून विचारा. आधी त्याच्या हाताखाली आपला हात धरा.