दुधाचं झाड

मित्रांनो, सालेकसाच्या डाकबंगल्यामागचं मी एक जुनं झाड आहे. ज्या गोऱ्या साहेबानं मला लावलं, तो मला 'रबर ट्री' म्हणे. माळी टेकचंद 'रबड़ का पेड़' म्हणे आणि कारकून 'रबराचं झाड'. गोंडीत मात्र मला नावच नव्हतं. गोंड लोकांच्या रानात मी कधी उगवलंच नव्हतं, मग नाव कोण देणार? माझा चीक विषारी आहे, असं साहेबानं पत्र्याच्या पाटीवर लिहून ती माझ्या बुंध्याला ठोकली होती.

देश स्वतंत्र झाला, साहेब गेला. पाटी गंजून पडली आणि टेकचंदनं ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावली.

पुढच्या उन्हाळ्यात तेंदूची पानं तोडणारी गोंड बाई मंगली माझ्या सावलीत बसू लागली. पदराखाली तान्ही लेक असे. तापानं मंगलीचं दूध आटलं होतं. अशा बाईनं उंबराला दोरा गुंडाळून त्याचा चीक छातीला लावावा, असं तिला सासूनं सांगितलं होतं.

एकदा तिनं सहज माझं पान खुडलं आणि पांढरा चीक टपकला.

"याले एवढं दूध हाय, मंग मले काऊन नाही?" ती म्हणाली.

टेकचंद हसला. "उंबर का भाई है, मंगली. तू भी माँग ले."

भुकेल्या पोरीच्या आईला थट्टा कुठून कळणार? तिनं मला दोरा गुंडाळला आणि गोंडीत मला दुधाचं झाड म्हणाली. इतक्या मायेनं मला कुणीच नाव दिलं नव्हतं. मग तिनं माझा चीक छातीला फासला आणि लेकीला पाजलं.

पोरीचा घसा सुजला. दिवस मावळायच्या आत ती गेली.

अंगावरचं मूल गेलं की गोंड लोक त्याला मोहाच्या झाडाखाली पुरतात. मोह त्याला दूध पाजत राहतो, असं मानतात. मोह लांब होता. मंगलीचा दीर माझ्याजवळची मऊ माती बघून म्हणाला, "इथंच खोदू का?"

"इथं नोको," मंगली म्हणाली. "पुन्हा याचंच पील."

मित्रांनो, मला पाणी नको, कुंपण नको. माझी पाटी तेवढी परत लावा. आणि ज्यांना वाचता येत नाही, त्यांना त्यांच्या भाषेत सांगा. यंदा रस्त्याच्या कामावर आलेल्या बाया माझ्या सावलीत बसतात. एकीच्या पदराखाली तान्हं आहे. काल तिनं माझं पान खुडलं.