चार बोटं बर्फ

एमिल ह्रुश्काला थांबवणारं घरात कोणी उरलं नव्हतं, म्हणून त्याने बाजारातून आणलेल्या बर्फाच्या सगळ्या पिशव्या एकदम टबात रिकाम्या केल्या आणि पंप चालू केला. अंगणातल्या कारंज्याला लावतात तसला तो मुठीएवढा पंप गुरगुरला. गार पाणी नळीतून वर चढलं, बिअरच्या उकळत्या काढ्यात बुडवलेल्या तांब्याच्या वेटोळ्यातून फिरलं आणि टबात परत आलं ते कढत होऊनच. बघता बघता बर्फ संपला. पातेलं मात्र अजून वाफाळतच होतं.

टेक्सासमध्ये ऑगस्टात नळाचं पाणीसुद्धा कोमट येतं, म्हणून तर हा खटाटोप. आधी वेटोळ्यातून नळाचं पाणी सोडायचं, बाहेर येणारं पाणी हाताला सोसेल इतकं झालं की मगच बर्फ आणि पंप, ही त्याच्या बायकोची, व्लास्ताची शिस्त. एमिलने जन्मभर शाळेची बस हाकली, वेळेच्या आधी पोचायची खोड त्याच्या हाडात मुरलेली. त्याचा हात बर्फाकडे गेला की ती लाकडी पळीने त्याच्या मनगटावर एक ठेवून द्यायची. यंदा ईस्टरच्या तोंडावर ती गेली.

"घातलास ना सगळा एकदम?" अल्बिना दारातून म्हणाली. ही व्लास्ताची थोरली बहीण, सकाळीच जर्दाळूचे कोलाचे, म्हणजे गोड पाव, भाजून घेऊन आली होती. "ती असती तर..."

"ती नाहीये, अल्बिना."

अल्बिनाने गावातल्या दुकानाला फोन लावला, पण त्या दिवशी चर्चची जत्रा, बर्फाचा खडासुद्धा शिल्लक नव्हता. आणि काढा असा गरम राहिला तर यीस्ट घालता येणार नव्हतं, उद्यापर्यंत तो आंबून फुकट जाणार होता. पुढच्या महिन्यात ज्युडीचं, एमिल-व्लास्ताच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न. ह्रुश्कांकडे लग्नाचा पहिला पेला घरच्या बिअरचा असतो आणि तो नवरीचे आईबाप मिळून भरतात. आई तर नव्हतीच. निदान बिअर तरी तिच्या हातच्या रीतीची असावी, एवढंच एमिलला हवं होतं, आणि तेही त्याने घालवल्यात जमा होतं.

काहीतरी गार मिळेल म्हणून त्याने गॅरेजमधला मोठा फ्रीझर उपसायला घेतला. हरणाच्या मांसाचे सॉसेज निघाले, भेंडीच्या पिशव्या निघाल्या आणि तळाशी आइस्क्रीमचे रिकामे डबे, झाकण लावलेले. त्यांत पाणी गोठवलेलं होतं. बिअरच्या दिवसासाठी व्लास्ता असेच डबे भरून ठेवायची. पहिला डबा गळ्यापर्यंत भरलेला होता. दुसरा अर्धा. तिसऱ्यात त्याहून कमी. शेवटच्या डब्यात जेमतेम चार बोटं बर्फ होता.

"हे कधी भरले तिने?"

"तू औषधं आणायला जायचास तेव्हा. भरलेला डबा उचलवेना तिला. मी म्हटलं, मी भरते, तर म्हणाली, तू पाणी सांडतेस."

एमिल त्या डब्यांकडे बघत राहिला. तिची ताकद कशी कशी उतरत गेली, ते डॉक्टरांनी त्याला इतकं स्वच्छ कधी सांगितलं नव्हतं.

त्याने टबातलं गरम पाणी उपसलं, नवं भरलं आणि एकेक डबा उपडा करायला घेतला. पंप पुन्हा गुरगुरू लागला. तो पळीने काढा ढवळत राहिला. थर्मामीटरवर व्लास्ताने नखाला लावायच्या लाल रंगाची खूण केली होती, काटा तिच्या जवळ आला आणि अडला. टबात बर्फ उरला नव्हता, बाहेर चार बोटांचा तेवढा डबा राहिला होता.

"हा शेवटचा राहू दे," अल्बिना म्हणाली. "फ्रीझरमध्ये काय खातोय तुझं?"

"ठेवून घेण्यासाठी नव्हता भरला तिने."

त्याने डबा उलटा केला. बर्फाची चकती पाण्यात पडली आणि पंपाभोवती फिरू लागली. मग मात्र एमिल रडला, पळी हातात धरून, ढवळणं न थांबवता. अल्बिनाने तोंड फिरवून कोलाच्यांवरचं फडकं उगाच नीट केलं. चकती पातळ होत होत दिसेनाशी झाली, तेव्हा काटा लाल खुणेवर उतरला होता.

यीस्ट घालून झालं. पंप बंद झाला. टबातलं पाणी घालायला अल्बिनाने सवयीने टब अंजिराच्या झाडाकडे ओढला, तसं एमिलने तिला थांबवलं. त्याने शेवटचा डबा टबात बुडवला, थोडं पाणी ओतून टाकलं, चार बोटं लावून पाहिली.

"अर्धा तरी भर," ती म्हणाली.

"नको. एवढंच होतं."

झाकण घट्ट बसवून त्याने डबा फ्रीझरच्या तळाशी सपाट ठेवला आणि वर भेंडीच्या पिशव्या पूर्वीसारख्या रचल्या.