बारावा हिस्सा

सहादेवनं पगाराचं पाकीट खिडकीवरच उलटं केलं. नोटा मोजल्या, पाकिटात फुंकर मारली आणि आत डोकावून पाहिलं.

"मच्छिंदर, निम्माच हाय."

"प्राप्तिकर कापलाय," जाळीआडून पगार कारकून मच्छिंद्र म्हणाला. "वर्षाचा. एकदम."

"दर म्हैन्याला का न्हाई कापला?"

उत्तर होतं, पण ते खिडकीतून देण्यासारखं नव्हतं. नियम सरळ होता. वर्षाचा पगार अंदाजानं धरायचा, त्यावरचा कर काढायचा आणि दरमहा बारावा हिस्सा कापून सरकारात भरायचा. साखर कारखान्यातल्या ज्यांना कर बसत होता, त्या सगळ्यांना मच्छिंद्रनं असाच कापला होता. सहादेव मात्र त्याच्या गावचा, लंगोटीयार. पाक शिजवणारा पॅनमन. ओव्हरटाइम धरला तरच तो कराच्या हद्दीत शिरत होता. त्यात बहात्तरचा दुष्काळ. उसाचं गळीत लवकर उरकेल, ओव्हरटाइम बुडेल, मग मित्राचा पगार उगाच कशाला कापायचा? दुष्काळाच्या भरवशावर उपकार करणारा तालुक्यात तो एकटाच असावा.

पण ऊस वाळायच्या आत गाळायचा म्हणून कारखाना दम न घेता चालला आणि सहादेव दोन-दोन पाळ्या उभा राहिला. मार्च तोंडावर आला, तेव्हा बाराही हिस्से एकदम कापण्यावाचून इलाज उरला नाही.

"सोमवारी बनाला पुन्याला न्यायचं हुतं," सहादेव म्हणाला. "काचबिंदू. डाक्टरनं आपरेशनची तारीख दिलीय."

"माझी अंगठी मोडतो. घेऊन जा."

"नको. तुझी मेहेरबानी झाली तेवढी बास."

त्यानं सही केली. ती नेहमीपेक्षा वळणदार आली होती.

सहादेवला पतपेढीचं कर्ज मंजूर व्हायला सव्वा महिना लागला; पुण्याची तारीख हुकली. नव्या वर्षापासून मच्छिंद्र सहादेवचा बारावा हिस्सा पैशापैशानं बरोबर कापू लागला. सहादेव सही करी आणि चहाच्या टपरीवर दुसऱ्या बाकड्यावर बसे.

जूनमध्ये राहात्याच्या बाजारात मच्छिंद्र वांग्यांसाठी घासाघीस करत होता.

"भावजी का?" बनाबाईनं, सहादेवच्या बायकोनं, आवाजावरून ओळखलं. तिचा डावा डोळा विझला होता. "एक गेला बगा. डाक्टरच म्हैनाभर गावाला गेल्ता म्हनं. तारीख पुढं ढकलली. आता त्याला तरी काय बोलायचं?"

मच्छिंद्रनं वांगं उचललं, परत ठेवलं.

"वहिनी, तो डॉक्टर..."

"आन् हे सांगत हुते, मच्छिंदरनं वरीसभर पगाराला हात लागू दिला न्हाई. लई सांभाळलंत आमाला."

मागून पिशवी घेऊन सहादेव आला. त्यानं आधी बायकोकडं पाहिलं, मग मच्छिंद्रकडं.

"काय गड्या!" तो मोठ्यानं म्हणाला. "घरी यायचं सोडलंस व्हय?"

"येतो की," मच्छिंद्र म्हणाला.

तिघे एस.टी.पर्यंत चालत गेले. सहादेव पावसाचं बोलला, नव्या साहेबाच्या टोपीचं बोलला. बनाबाई पोटभर हसली. गाडी लागल्यावर त्यानं तिला हाताला धरून वर चढवलं आणि मागं वळून म्हणाला,

"आन् त्या टोपीखाली म्हनं..."

बनाबाई पार पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसली; आता तिला ऐकू जाण्यासारखं नव्हतं. सहादेवनं वाक्य तिथंच सोडलं आणि तो गाडीत चढला.