राजाची अडीच घरं

देवीदास रामटेके रेल्वेतून रिटायर झाले, पण घरी गप्प बसतील तर ते देवीदास कसले! दर शनिवारी रायपूरच्या जेलात जाऊन ते कैद्यांना बुद्धिबळ शिकवायचे. लोक नाकं मुरडत. "डोकी फोडणाऱ्यायले हत्ती-घोडे शिकवून काय होते, गुरुजी?" गुरुजी म्हणत, "हात उचलायच्या आधी विचार कराले शिकतात पोट्टे. तेवढंच तं त्यायले आलं नाही."

त्यांच्यात सगळ्यात तापट इंद्रजीत. सिलतऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर काहीतरी लागट बोलला, तशी यानं लोखंडी पाना घेऊन त्याचं डोकं फोडलं. माणूस वाचला, पण कायमचा अधू झाला. इंद्रजीतला कधीही विचारा, उत्तर ठरलेलं. "त्यानं मले भडकवलं, मी काय करू?" गुरुजींनी त्याच्याशी वाद घातला नाही. चाल सुचेपर्यंत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचं, एवढी शिस्त मात्र लावली. आधी तो धुसफुसला, मग खेळात असा रंगला की जेवणाची घंटाही त्याला ऐकू येईना.

रायपूर राजधानी झालं नि तेलीबांध्याकडे नवी ऑफिसं उगवली. त्यातल्याच एका ऑफिसची टीम जेलात सामना खेळायला येणार असं ठरलं. जेलरसाहेबांनी गुरुजींना बाजूला घेऊन बजावलं, "रामटेकेजी, एक भी झगड़ा हुआ, तो क्लास बंद समझो." सगळा वर्ग आता इंद्रजीतच्या डोक्यावर अवलंबून, आणि ते डोकं कधी तापेल याचा काय भरवसा!

इंद्रजीतसमोर बसला सुशील, तरुण अधिकारी, इस्त्रीचा शर्ट. डाव असा फिरला की साहेब घामाघूम झाले. इंद्रजीत जिंकून राहिला होता. आणि तेवढ्यात, अरे देवा, घाईघाईत त्यानं राजा उचलला नि घोड्यासारखा अडीच घरं उडवला!

ब्राह्मणपाऱ्यातल्या ओट्यावर त्याचा बाप देशी डाव खेळायचा. त्यात शह बसला नसेल तर राजाला अशी एक उडी माफ असते. गुरुजींनी ही उडी विसरायला लावायला जीव आटवला होता, पण ऐन वेळी बापाचाच डाव वर आला.

सुशील हसला. "ये गली-मोहल्ले की चाल है! किस जाहिल ने सिखाया?"

इंद्रजीतच्या मानेची शीर तटतटली. शिपाई काठी सावरत पुढे सरकला. गेला, वर्ग गेला, असं म्हणत गुरुजींनी डोळेच मिटले. पंच म्हणाले, उडी चालणार नाही, पण राजाला हात लागलाय, तेव्हा राजाच हलवावा लागेल. आता राजा कुठंही गेला तरी हत्ती मरणार होता.

गुरुजींनी डोळे उघडले तर इंद्रजीतचे दोन्ही हात मांडीखाली. तो शांतपणे म्हणाला, "मेरे बाप ने सिखाया, साहब. बाप जाहिल नहीं था. पर राजा को हाथ मैंने लगाया, गलती मेरी है."

त्यानं राजा एक घर सरकवला. हत्ती गेला, मागोमाग डाव गेला. इंद्रजीतनं उठून हात पुढे केला, तेव्हा सुशीलनं खालमानेनं तो दोन्ही हातांनी धरला.

साहेब गेल्यावर मोहरे डब्यात भरता भरता इंद्रजीत हळूच बोलला, "गुरुजी, त्या दिवशी पाना बी मीच उचलला होता. त्यानं नाही."

गुरुजींना हुंदका आवरेना. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि मारतच राहिले. शाबास रे माझ्या वाघा!

फाटकावरच्या शिपायानं विचारलं, "क्या गुरुजी, हार गए?"

"हव, हार गए!" गुरुजी सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाले आणि छाती पुढे काढून चालू लागले.