पाठीचं मांस

आहारतज्ज्ञ उरंचिमेगच्या दवाखान्यातल्या खोलीत भिंतीवर एक बैल होता. कागदाचा. त्याच्या अंगावर रेघा मारून पाठ, बरगडी, सीना, पुठ्ठा, नळी असे भाग पाडलेले होते, आणि शेजारच्या रांगेत कलेजी, हृदय, गुर्दे, जीभ, वजडी. कशात ताकद किती, चरबी किती, लोह किती, सगळं समोर मांडलेलं. पेशंट येऊन बसला की बाई पट्टी उचलून बैलाच्या पाठीवर ठेवायची.

"हे मांस सगळ्यात महाग. का?"

"सगळ्यात चांगलं म्हणून," पेशंट म्हणायचा.

"चांगलं म्हणून नाही, मऊ म्हणून!" आणि पट्टी कलेजीवर यायची. "प्रथिनं दोन्हीकडे जवळजवळ सारखीच. पण लोह इथे दुपटीहून जास्त. बी-बारा जीवनसत्त्वाची तर तुलनाच करू नका. हृदय घ्या, चरबी नाहीच जवळजवळ. ज्यांचे सांधे सुजतात त्यांनी लांब राहावं, पोटुशी बाईने बेताने खावं. बाकीच्यांनी लाजायचं काय त्यात? आपले आजे-पणजे हेच खाऊन थंडी काढायचे."

दर बुधवारी सकाळी हेच ती रेडिओवरही सांगायची. बोलण्यात तिचा हात धरणारं उलानबातरमध्ये कुणी नव्हतं. आतड्याकातड्याला नाकं मुरडणाऱ्या शहरी लोकांची ती अशी काही खरडपट्टी काढायची की ऐकणाऱ्याला आपल्या फ्रीजची शरम वाटावी.

आणि आज शनिवारी हीच बाई आपल्या नव्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात पाठीच्या मांसाचे जाडजाड तुकडे मिरी लावून ताटात मांडत होती. काचबंद दुकानातून आणलेले, रक्ताचा थेंब नसलेले. संध्याकाळी दवाखान्याचे मुख्य डॉक्टर झाम्यान साहेब आणि त्यांच्या पत्नी सोलोंगो बाई नव्या घरातल्या पहिल्या जेवणाला यायचे होते. नव्या आहार विभागाचं कुणाला मुख्य करायचं, हे साहेबांच्याच हातात होतं.

"कलेजी दिसत नाही कुठे," नवरा एर्खेम कांदा चिरता चिरता म्हणाला. "रेडिओवाल्या बाई बघतील तर रागावतील."

"गप रे. पहिल्यांदा घरी येणाऱ्या माणसांपुढे वजडी-कलेजी ठेवतात का? माळावरच्या तंबूत आहोत का आपण?"

हे बोलून झालं आणि दारावरची घंटा वाजली.

दारात गोंचिगमामा उभा होता. अंगात जुना लांब अंगरखा, कमरेला पिवळा पट्टा, भुवयांवर दहिवर, आणि हातात झाकण बांधलेली ॲल्युमिनियमची बादली. बसच्या उबेत बादलीतला बर्फ सुटला होता आणि तळातून तांबूस पाणी ठिबकत होतं, नेमकं नव्या फिक्या गालिच्यावर. तिने आधी तो डाग पाहिला आणि मग मामा. पुढे पुष्कळ दिवस तिला हेच आठवून कानकोंडं व्हायला झालं.

"आलो बघ, चिमगे! नवं घर घेतलंस म्हणाली मामी, म्हटलं पाय लावून यावं."

हा मामा म्हणजे तिचे आई आणि बाप दोन्ही. आई गेली तेव्हा ती एवढीशी होती, घोड्याच्या खोगिरावर पुढ्यात बसवून त्याने तिला आपल्या तंबूत नेलं आणि वाढवलं, शिकवलं. थंडी धरली की तो एक बैल कापायचा आणि घरातल्या हिवाळ्याच्या बेगमीतून पहिला वाटा काढायचा तो शहरातल्या भाचीचा. इतक्या वर्षांत कधी तो वाटा चुकला नाही.

"या मामा, या. आत या. ते द्या इकडे."

"दमानं घे. यात काय हाय माहीत हाय का? औंदा तुझ्यासाठी..." मामा उकिडवा बसून झाकणाची दोरी सोडायला लागला. झाकण तिरकं झालं आणि आतून काळपट, चकाकती कलेजी दिसली. चरबीच्या पांढऱ्या जाळीत गुंडाळलेली, तिच्या कडेला हृदय आणि गुर्दे. ओल्या रक्ताचा वास दिवाणखान्यात पसरला.

"नंतर बघू मामा, नंतर!" तिने झाकण दाबूनच धरलं. "आज पाहुणे यायचेत. मोठी माणसं आहेत. त्यांना ह्या वासाची सवय नसते. मी बाल्कनीत ठेवते, तिथे गोठून राहील."

मामाची बोटं दोरीवर थांबली. त्याने तिच्याकडे पाहिलं, गालिच्याकडे पाहिलं.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "पाहुण्यांचं आधी."

तिने बादली बाल्कनीत नेऊन कपडे वाळवायच्या घोडीमागे सरकवली, काचेचं दार लावलं आणि वरून पडदाही ओढला. मग गालिचा पुसत बसली. एर्खेम कांदाच चिरत राहिला. बोलला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

संध्याकाळी पाहुणे आले. मामाला तिने रीतीप्रमाणे सगळ्यांच्या वर, खिडकीकडच्या मानाच्या जागेवर बसवलं. त्याने आणि साहेबांनी एकमेकांच्या तपकिरीच्या कुप्या हुंगल्या, पाऊसपाण्याची, गवताची, गुरांची चौकशी झाली. साहेब हसऱ्या तोंडाचे होते. ताटाकडे पाहून त्यांनी हात चोळले.

"काय मॅडम, आज कलेजी ना? मी मुद्दाम सकाळपासून पोट रिकामं ठेवलंय. तुमचा बैल बघून बघून तोंडाला पाणी सुटतं हो."

तिला आताही म्हणता आलं असतं की थांबा साहेब, आत आहे, लगेच परतून आणते. पण मग मामासमोर पडदा सारावा लागला असता, घोडीमागची बादली काढावी लागली असती, आणि ती तिथे का गेली हे सगळ्यांना कळलं असतं.

"चांगली मिळाली नाही साहेब," ती म्हणाली. "शहरात ताजी कुठे मिळते?"

मामाने आपल्या ताटातला तुकडा कापला आणि सावकाश चावला. "मऊ हाय की," तो म्हणाला. "दात नसले तरी चालतंय."

सगळे हसले. साहेबांना म्हातारा आवडला. त्यांनी त्याच्याकडे खुर्ची वळवली.

"काय हो बाबा, तुमच्याकडे ऐकतात का हिचं रेडिओवर?"

आता मात्र मामाचा चेहरा उजळला. हातातली सुरी त्याने खाली ठेवली.

"ऐकतात? आख्खी दरी ऐकती! बुधवारी आमच्याकडं दूध काढायचं खोळंबतं. म्हातारी म्हणती, गाई नंतर, चिमगे आधी. शेजारच्या तंबूतला दावा तर हिचं बोलणं पाठच म्हणून दाखवतो. लोह दुप्पट, हृदयात चरबी न्हाई, समदं. आन औंदा काय झालं सांगू का?"

"सांगा ना."

"आजवर आम्ही काय करायचो, कलेजी, वजडी घरात खायचो आन चांगलं चांगलं पाठीचं, बरगडीचं शहरात पोरीला पाठवायचो. औंदा बैल कापला आन म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, अहो, पोर तिकडं घसा फोडून सांगतीया, आन आपण दरसाल तिलाच कमी ताकदीचं पाठवतोय! स्वतःच्या तोंडात कलेजी आन पोरीला पाठ? शरम वाटली बघा आम्हाला. खरंच शरम वाटली." मामा हसायला लागला. "म्हणून औंदा पाठ आम्हीच खाल्ली. काय करता! भागवलं पाठीवर."

साहेब टेबलावर थाप मारून हसले. सोलोंगो बाई हसल्या. एर्खेम पाण्याचा पेला धरून खाली बघत बसला.

"म्हणजे कलेजी आहे!" साहेब म्हणाले. "बाबा, मग कुठे आहे ती? आणलीत की नाही भाचीला?"

मामाचं तोंड उघडंच राहिलं. त्याची नजर पडद्याकडे गेली आणि तिथून उरंचिमेगकडे आली. तिने मान खाली घातली. ताटाच्या कडेला एक मिरीचा दाणा होता, तो ती काट्याने इकडून तिकडे ढकलत राहिली.

"न्हाई," मामा म्हणाला. "निघायच्या गडबडीत राहून गेली. रिकाम्या हातानं आलो."

आपल्याकडे हे वाक्य कुणी स्वतःबद्दल बोलत नाही. बहिणीच्या लेकीचं नवं घर, पहिला पाय, आणि आईचा भाऊ रिकाम्या हाताने आला म्हणे! सोलोंगो बाईंनी चहाचा वाडगा खाली ठेवला आणि म्हाताऱ्याच्या अंगरख्याच्या झिजलेल्या बाहीकडे बघितलं. साहेब खोकले आणि यंदा रस्ते लवकर गोठले असं काहीतरी म्हणाले. मामा मान हलवत होता, विसरभोळ्या माणसाने हलवावी तशी.

उरंचिमेगला वाटलं, उठावं. पडदा फाडावा. बादली आणून टेबलाच्या मध्यावर आदळावी आणि सांगावं, हा माणूस कधी रिकाम्या हाताने आला नाही, मला तंबूत नेलं त्या दिवसापासून नाही. पण ती उठली नाही. तिने कोशिंबिरीचं भांडं उचललं आणि सोलोंगो बाईंना म्हणाली, "घ्या ना अजून."

मेल्याहून मेल्यासारखं वाटलं तिला. पण वाढलं तिने.

पाहुणे गेल्यावर मामा अंगरखा चढवायला लागला. टेकडीवरच्या वस्तीत एका गाववाल्याकडे झोपतो, म्हणाला, सकाळची बस तिथून जवळ पडते. ती राहा राहा म्हणत मागे मागे फिरली. मग बादली आणायला बाल्कनीत गेली. भांडं रिकामं परत करायचं नसतं. तिने गोठलेली कलेजी, हृदय, गुर्दे सगळं काढून घेतलं, बादली धुतली आणि घरातलं होतं नव्हतं ते, दाबून केलेल्या चहाच्या विटा, चॉकलेटं, मामीसाठी लोकरी मोजे, सगळं कोंबलं. झाकण लागेना इतकं.

मामाने दोन्ही हातांनी बादली घेतली.

"मामा, मी आज..." ती बोलायला लागली.

"परतताना लई वेळ आचेवर ठेवू नकोस," मामा म्हणाला. "कडक होती मग." आणि खाली वाकून त्याने तिचं कपाळ हुंगलं, लहानपणी हुंगायचा तसं. दाराशी तो गालिच्यावरच्या फिकट डागाला वळसा घालून गेला.

त्या रात्री तिने कलेजी परतली. एर्खेमने दोनदा घेतली. तिच्या घशाखाली घास उतरला नाही.

आहार विभाग तिला मिळाला. बुधवारचं बोलणं चालू राहिलं. पट्टी बैलाच्या पाठीवरून कलेजीवर यायची आणि तिचा आवाज तसाच खणखणीत लागायचा, फक्त "लाजायचं काय त्यात" हे वाक्य तिने गाळलं होतं. फोन केला की मामा सगळं ठीक आहे म्हणायचा. त्या दिवसाचं तिने काढलं नाही, त्यानेही काढलं नाही. पुढच्या सालची थंडी पडायला लागली तशी तिने मनाशी ठरवलं, यंदा मामाची बादली आली की साहेबांना बोलवायचं, सगळ्यांसमोर झाकण उघडायचं आणि कोणी पाठवलं तेही सांगायचं. बाल्कनीतली कपड्यांची घोडीसुद्धा तिने हलवून ठेवली.

पहिलं बर्फ पडल्यावर दरीकडून येणारा ट्रकवाला दारात आला. त्याच्या खांद्यावर पुठ्ठ्याचा खोका होता. आत पाऊल टाकण्याआधी त्याने काखेतलं वर्तमानपत्र काढलं, उलगडून गालिच्यावर नीट अंथरलं आणि त्यावर खोका ठेवला.

"हे कशाला?" ती म्हणाली.

"मामांनी बजावलंय. भाचीकडं चांगला गालिचा हाय, म्हणाले."

तिने खोका उघडला. पाठीचं मांस होतं. सगळं पाठीचंच. हाडं काढून, चरबी काढून, सारख्या तुकड्यांत कापून पारदर्शक पिशव्यांत बांधलेलं, काचबंद दुकानात मिळतं तसं. म्हाताऱ्याला किती वेळ लागला असेल कोण जाणे. तिने एकेक पिशवी बाहेर काढली, तळापर्यंत हात घातला. तळाचा पुठ्ठा कोरडा होता.

"आणि कलेजी?"

"ती न्हाई दिली." ट्रकवाल्याने टोपी कानावर ओढली. "म्हणाले, चिमगेला सांग, यात वास येणारं काही न्हाई. आता कधीबी पाहुणे आले तरी चालतंय."